ज्ञानेंद्रियांची प्रश्नावली

सन १८८४ मध्ये लंडनला भरलेल्या आरोग्यप्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन या गृहस्थाने एक विलक्षण प्रयोगशाळा मांडली होती. तीन पेन्स द्यावे, आत जावे आणि आपली दृष्टी, श्रवणशक्ती, हाताची पकड मोजून घ्यावी. नऊ हजारांहून अधिक माणसांनी अशी मोजणी करून घेतली. ज्याची ज्ञानेंद्रिये तीक्ष्ण त्याची बुद्धीही तीक्ष्ण, असा गाल्टनचा तर्क होता. तो टिकला नाही. सन १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी डोळ्याकानांची मापे बाजूस ठेवली आणि मुलाला साधे प्रश्न विचारण्यास आरंभ केला. या वस्तूचे नाव सांग, हे आकडे माझ्यामागून म्हण, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते.

ही रीत आपल्याकडे आणण्याचे काम धारवाडच्या वि. वि. कामत यांनी केले. कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिनेच्या कसोट्यांची नवी मांडणी केली. तिचा वृत्तांत १९३४ मध्ये आणि ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. श्रोत्यांना वाटेल, यात विशेष ते काय? भाषांतरच की! परंतु नुसत्या भाषांतराने भागत नाही. पॅरिसचे नाणे धारवाडच्या पोराने ओळखले नाही, तर दोष पोराचा नव्हे. शिवाय अमुक वयाच्या मुलाला अमुक यावे, हे येथील मुलांची परीक्षा घेऊनच ठरवावे लागते. प्रमाणीकरण म्हणतात ते हेच, आणि खरे कष्ट त्यातच आहेत.

इंद्रियांचा प्रश्न मात्र मागे राहिला, तो अमेरिकेत जीन एअर्स यांनी पुन्हा हाती घेतला. त्या व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२ चा. गाल्टनचा प्रश्न, मुलाला किती बारीक आवाज ऐकू येतो, हा होता. एअर्सबाईंचा प्रश्न वेगळा: ऐकू आलेल्या आवाजाचे त्याचा मेंदू काय करतो? कानाची तपासणी निर्दोष आहे, तरीही घंटेचा टोल पडताच मूल कान झाकून घेते. कातडी निरोगी आहे, तरीही सदऱ्याची शिवण त्याला सोसवत नाही. स्पर्श, तोल आणि स्नायूसांध्यांची जाणीव यांवर त्यांनी विशेष भर दिला. पण त्यांच्या कसोट्या घेण्यास तयारीचा तज्ज्ञ लागे, आणि एकेका मुलापाशी बराच वेळ बसावे लागे.

म्हणून पुढची पायरी प्रश्नावलीची. सन १९९९ मध्ये विनी डन यांनी पालकांनी भरावयाची सव्वाशे कलमांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मूल असे ‘नेहमी’ करते, ‘कधीकधी’ करते की ‘कधीच नाही’, एवढेच आईने सांगावयाचे. उत्तरांची बेरीज हजाराहून अधिक अमेरिकन मुलांच्या बेरजांशी ताडून पाहतात. डनबाईंनी मुलांचे चार कल सांगितले आहेत: ज्यांच्या ध्यानी संवेदना येतच नाही, जी तिचा शोध घेत फिरतात, जी तिने बेचैन होतात आणि जी तिच्यापासून दूर पळतात. आम्हा शिक्षकांच्या भाषेत पहिल्याला मठ्ठ आणि दुसऱ्याला खोडकर म्हणण्याची चाल आहे! पुढे २००७ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत शिक्षकाने भरावयाचा स्वतंत्र तक्ताही आहे, आणि ते मला फार योग्य वाटते. घरी शांत असलेले मूल साठ पोरांच्या वर्गात तसेच राहील असे नाही.

महाराष्ट्रात या विद्येचा पाया जुना आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. पुढे नागपुरासही या विषयाचे शिक्षण सुरू झाले. सरकारी पातळीवर २००९ मध्ये स्वमग्नतेच्या मोजमापासाठी भारतीय मापनश्रेणी आली. तिच्या चाळीस कलमांपैकी एक गट खास संवेदनांचा आहे. पालकांशी बोलून आणि मुलाला प्रत्यक्ष पाहून गुण द्यावयाचे, अशी तिची पद्धत आहे.

आता आमच्या बोरगावकडे या. सौंसर तालुक्यातले हे गाव. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी होती. आज आम्ही मध्यप्रदेशात आहोत, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि तज्ज्ञाच्या टेबलावरचा कागद बहुधा इंग्रजी. त्या अमेरिकन प्रश्नावलीत धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या आणि केस वाळविण्याच्या यंत्राच्या आवाजाचा उल्लेख आहे. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणारी आई यावर काय खूण करणार? यंत्र घरी नाही म्हणून ती ‘कधीच नाही’ म्हणेल, आणि कागदावर मूल निर्धास्त ठरेल. तेच मूल पिठाच्या गिरणीच्या दारात पाय टाकीत नाही, पोळ्याचे ढोल वाजू लागले की कोठीत जाऊन बसते, हे कोणी विचारलेलेच नसते. उलट बाजूही आहे. अनवाणी चालणे, हाताने भात कालवणे हा आमचा नित्याचा व्यवहार. म्हणून हात बरबटले की रडणारे मूल येथे चटकन नजरेत भरते. ‘कधीकधी’ या शब्दाचाही भरवसा नाही. लोकांपुढे लेकराची तक्रार नको म्हणून आई रोजच्या त्रासालाही ‘होते कधीमधी’ असेच म्हणते.

या मोजमापाचा अतिरेकही होऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०१२ मध्ये बजावले की, संवेदना-प्रक्रियेचा बिघाड हे स्वतंत्र निदान म्हणून लिहू नये. पुढल्याच वर्षी तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या नव्या वर्गीकरणात या तक्रारी स्वमग्नतेच्या लक्षणांत आल्या, पण वेगळा आजार म्हणून त्यांना स्थान मिळाले नाही. तेव्हा प्रश्नावलीची बेरीज हा निकाल नव्हे. मूल कोठे अडते हे तिने दाखवावे आणि पुढे माणसाने पाहावे. घंटेजवळचा बाक बदलणे, टोचणारा गणवेश एकदा आतून तपासणे, याला कोणाच्या दाखल्याची गरज नाही.

मात्र ज्या लेकरांना खरोखर तज्ज्ञाची गरज आहे, त्यांच्यासाठी कामतांनी केले तसले काम या भागात व्हावयास हवे. गिरणी, ढोल, मिक्सर, शाळेची घंटा यांचे प्रश्न आमच्या बोलीत लिहून, सौंसर-पांढुर्ण्याच्या शेकडो निरोगी मुलांच्या आयांना आधी विचारावे लागतील. त्यानंतरच एखाद्या आईच्या ‘होते कधीमधी’चा अर्थ लावता येईल.