चारी मुंड्या चीत

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. दोन वर्षांतून एकदा तो कोल्हापूरला येतो, पंधरा दिवस तांबडा-पांढरा ओरपतो, सोळाव्या दिवशी पोट धरून बसतो आणि सतराव्या दिवशी विमान पकडतो. मुलगा गुणी आहे. फक्त मराठी बोलता बोलता मधूनच तो बेसबॉल खेळायला लागतो. मी विचारलं, "तिकडं घरभाडं काय पडतं रे?" तर म्हणाला, "मामा, बॉलपार्क आकडा सांगतो." बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा त्या मैदानाच्या आत कुठंतरी पडेल, बाहेर जाणार नाही, इतपत अंदाज. साहेबानं ऐनवेळी भलताच प्रश्न विचारला, तर साहेबानं 'कर्व्हबॉल' टाकला. एका मुलीनं नकार दिला, तर हा 'स्ट्राइक आउट' झाला. (ही गोष्ट त्यानं त्याच्या आईला सांगितलेली नाही. मीही सांगितली नसती, पण ती हे पुस्तक वाचणार नाही.)

खेळ बघताना तर ही मंडळी आणखी सुटतात. तळांवर धावपटू उभे असले, की म्हणे 'तळ्यावर बदकं आहेत'. मी म्हटलं, रंकाळ्यावर जा, फुकट दिसतील. सोपा उंच झेल आला, की त्याला 'मक्याचा डबा' म्हणतात. पूर्वी तिकडचे किराणा दुकानदार उंच फळीवरचा डबा काठीनं ढकलत आणि खाली ॲप्रनमध्ये झेलत, त्यावरून हे आलं असं सांगतात. आणि चेंडूफेके जिथं अंग गरम करतात त्या जागेला 'बुलपेन', म्हणजे बैलांचा कोंडवाडा! मला हे पटलं. आमच्या गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस आणि पैलवान शेजारी शेजारी उभे असायचे आणि दूध तिच्यातून त्याच्यात, वाटेत फक्त एक पेला.

हे सगळं ऐकवून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आपल्या भाषेत असा एकही खेळ नाही ना?"

कोपऱ्यात आमचे तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, वय सत्त्याऐंशी, दोन्ही कान मोडलेले. पैलवानाचे कान मातीत घासून घासून करंजीसारखे होतात, तसे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. तेव्हापासून ते मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारतात आणि मीही ओ देतो. ते म्हणाले, "ह्यो पोरगा काय म्हंतोय? खेळ न्हाई?"

त्या दिवसापासून मी वही घातली. मी बँकेत पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. वही घातली, की मला काहीतरी काम चाललंय असं वाटतं.

आता तुम्हीच बघा. निवडणूक आली, की उमेदवार आखाड्यात उतरतात, शड्डू ठोकतात, दंड थोपटतात. पक्षश्रेष्ठी आक्रमक पवित्रा घेतात. आधी थोडी खडाखडी होते, मग डावपेच, मग कुणाचा तरी डाव उलटतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात कुणी कुणाला धोबीपछाड दिलेली असते, कुणी अस्मान दाखवलेलं असतं आणि उरलेले चारी मुंड्या चीत झालेले असतात. या बातम्या लिहिणाऱ्याच्या अंगाला जन्मात माती लागलेली नसते. पण लाल मातीशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नाही. अमेरिकेला बेसबॉल, तशी आम्हाला कुस्ती.

भाच्यानं लगेच शंका काढली, "माणसाला मुंडी एक. चार कुठून आल्या?" तात्या म्हणाले, "शर्ट काढ, दावतो." शंका तिथंच मिटली.

हे शब्द आले कुठून ते शोधायला गेलो, तर आमच्या शुद्ध रांगड्या मराठमोळ्या कुस्तीत निम्मा कारभार फारशी-अरबीचा निघाला. 'कुस्ती' फारशी. 'पैलवान' म्हणजे पहलवान, तोही फारशी. 'वस्ताद' हा उस्तादच, फक्त कोल्हापुरात येऊन त्यानं फेटा बांधला. 'अस्मान' फारशी. हात धरून खेचायची ती 'दस्ती', कारण फारशीत हाताला दस्त म्हणतात. 'तालीम' अरबी, आणि तिचा अर्थ चक्क शिक्षण! लहानपणी शाळा बुडवून मी तालमीत जाऊन बसायचो, तेव्हा वडिलांना हा अर्थ ठाऊक असता तर पाठीवरचे वळ वाचले असते. खास आपला म्हणावा असा 'आखाडा'. तो संस्कृत अक्षवाटापासून निघाला. आणि अर्थात 'मल्ल'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात मल्लांच्या करमणुकीवर वेगळं प्रकरण आहे. त्यानं मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशा प्रती लावून ठेवल्यात. म्हणजे आपल्या नंबर एकची, नंबर दोनची, नंबर तीनची कुस्ती. राजा असून पोस्टर छापणाऱ्याची अक्कल होती.

या सगळ्या शब्दांना एका हौद्यात आणून कालवलं ते शाहू महाराजांनी. त्यांनी 1894 ते 1922 राज्य केलं आणि त्या काळात पंजाबातले, उत्तरेतले नामांकित मल्ल इथं येऊन लढले, राहिले. 1902 साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं. दुसरा राजा असता तर त्यानं तिथून संगमरवरी पुतळा आणला असता. महाराजांनी डोक्यातून मैदान आणलं. 1912 साली खासबाग उभं राहिलं: मध्ये हौदा आणि भोवती उतरती, बशीसारखी बैठक, म्हणजे पुढच्याच्या फेट्यामुळं मागच्याची कुस्ती बुडायची नाही. सुरुवातीच्या मैदानात गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत झाली. वस्ताद उर्दूत ओरडणार, पठ्ठा मराठीत ऐकणार, आणि मधल्या मध्ये भाषा तयार होणार.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. (2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं. त्या रात्री बरंच कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं.) नाटक आणि कुस्ती अशी भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळं ठरवून केलेल्या लढतीला काहीतरी नाव असणं भागच होतं. तिला 'नूरा कुस्ती' म्हणतात. दोघांनी आधीच ठरवायचं, वीस मिनिटं घाम काढायचा आणि इनाम वाटून घ्यायचं. कोल्हापूरच्या पब्लिकला ती तिसऱ्या मिनिटाला कळते. म्हणून तर पोस्टरवर ठळक अक्षरात छापतात, 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान'.

'तालीम' या शब्दानं तर कोल्हापुरात वेगळाच संसार थाटला. पेठेची तालीम म्हणजे पेठेचं सगळं काही: गणपती तिचा, भांडण तिचं, वर्गणी तिची. आमच्याकडं फुटबॉलसुद्धा तालमी खेळतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. परगावचा पाहुणा शाहू स्टेडियमवर येऊन विचारतो, यांच्यात कुस्ती कधी आहे? क्वचित तीही बघायला मिळते.

पण माझा जीव अडकला तो डावांच्या नावांत. मुळात 'डाव' हाच शब्द बघा. पत्त्यांचा डाव, भातुकलीचा डाव, क्रिकेटचा डाव, आणि स्वयंपाकघरात आमटी वाढायचा डाव. आमच्या घरात शेवटचा डाव प्रतिस्पर्ध्याच्या हातात असतो, त्यामुळं मी खडाखडीतच माघार घेतो. कुस्तीत डावांची मोजदाद नाही: ढाक, कलाजंग, घिस्सा, पोकळ घिस्सा, एकलंगी, पट, मोळी, झोळी, घुटना, लपेट, गदालोट, सवारी, हप्ता, निकाल. हप्ता म्हटलं, की मला बँक आठवते. तिथंही माणूस मानेतच सापडायचा. 'कब्जा घेतला' हे कुस्तीत म्हणतात आणि तलाठ्याकडंही.

मी भाच्याला मोळी समजावून द्यायला लागलो. "म्हणजे समोरच्याला हातपाय गोळा करून मोळीसारखा बांधायचा." तो म्हणाला, "मोळी म्हणजे?" मी म्हटलं, "जळणाची." "जळण म्हणजे?" घरात सिलिंडर आला, मोळी गेली. धोबीपछाड समजावावी, तर त्यानं दगडावर कपडे आपटणारा धोबी पाहिलेला नाही. त्याच्या घरात गोल खिडकीचं मशीन आहे. ही नावं ज्यांनी ठेवली ती माणसं सकाळी जळण फोडत होती, झोळीत पोर निजवत होती आणि संध्याकाळी तालमीत येत होती. हाताला जे काम ठाऊक, तेच नाव डावाला. आता डाव राहिला, काम गेलं.

आणि मातीही चालली. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेला हौदा एकीकडं आणि गादी दुसरीकडं. कोल्हापूरकराला गादी म्हटलं, की छत्रपतींची एकच गादी माहीत. तिच्यावर कुस्ती खेळायची म्हणजे काय? पण जगाची कुस्ती गादीवर होते. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिम्पिकला गेले, तेव्हा गादी आणि तिचे कायदे दोन्ही त्यांना परके होते. तरी सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक काढलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांचा ढाक डाव प्रसिद्ध होता. तो गादीवरही लागला. हल्ली महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. गादीवरची पोरं गुण मोजतात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या खेळतात आणि 'टेकडाऊन' म्हणतात. माझी तक्रार नाही. 'बॅक थ्रो' तर मातीतसुद्धा केव्हाच येऊन स्थायिक झाला.

माझी स्वतःची कारकीर्द एका वाक्यात संपते. जत्रेत रेवड्यांवरची कुस्ती, समोर माझ्याच वर्गातला एक मुलगा. हलगी सुरू झाली ती ऐकली आणि मग आभाळ दिसलं. ढग होते.

तर वही. रोज संध्याकाळी मी तात्यांपुढं बसायचो आणि भाचा मोबाइलवर आवाज धरायचा. पहिल्या आठवड्यात नावं धडाधड आली. मग अडायला लागली. तात्यांच्या ओठांपर्यंत नाव यायचं आणि परत जायचं. मग ते चिडायचे, आणि एका दिवशी चिडून त्यांनी माझं मनगट धरलं. पंचाहत्तरी जवळ आलेला मी आणि त्यांचा एकच हात धड. पण त्या हातानं माझी मान खाली गेली, कोपर कुठंतरी अडकलं आणि गुडघा आपोआप वाकला. "ह्यो," ते म्हणाले. "ह्यो गा. काय म्हंत्यात ह्येला?" मला बोलता येत नव्हतं, कारण तोंड कॉटच्या गादीत होतं. भाचा म्हणाला, "मामा, हलू नका, व्हिडिओ घेतो."

भाचा सतराव्या दिवशी गेला. विमानतळावरून फोन केला तेव्हा म्हणाला, व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाशी नुसती खडाखडी झाली, कुस्ती लागलीच नाही.

वहीत एकूण त्रेचाळीस डाव झाले. एकेचाळीस नावानिशी आहेत. बेचाळिसाव्यापुढं मी लिहिलंय, 'उजवं मनगट, मान खाली, कोपर काखेत, गुडघा'. त्रेचाळिसावा तात्यांनी परवा केला. तो लिहायचा राहिलाय, खांदा अजून दुखतो.