काळी स्क्रीन आणि तीस वर्षांची गोष्ट

गेल्या महिन्यात मी नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, लिनक्स सुरू केलं आणि स्क्रीन काळी! कार्ड ठणठणीत होतं. पण माझं लिनक्स कार्डापेक्षा जुनं, त्याला ते ओळखताच येईना.

विंडोजवर आपण कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेतो. लिनक्सवर खुल्या ड्रायव्हरचा एक भाग कर्नलमध्ये असतो, दुसरा मेसा नावाच्या लायब्ररीत. असं का, तर त्यामागे इतिहास आहे.

ब्रायन पॉलने १९९३ मध्ये मेसा लिहायला घेतलं आणि १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पण कार्ड आतून कसं चालतं, हे कंपन्या सांगत नव्हत्या. मग नूवो प्रकल्पातल्या लोकांनी एनव्हिडियाची कार्डं कशी वागतात ते निरखून निरखून ड्रायव्हर लिहिला. २००७ मध्ये एएमडीने आपली तांत्रिक माहिती खुली करायला घेतली. एनव्हिडिया मात्र ढिम्म. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनस टोरवाल्ड्सने वैतागून कॅमेऱ्यासमोर त्या कंपनीला मधलं बोट दाखवलं! तिने नव्या कार्डांसाठीचा कर्नलमधला कोड खुला केला, तो थेट २०२२ मध्ये.

माझा इलाज? मॉनिटर मदरबोर्डला जोडला. कर्नल, मेसा आणि फर्मवेअर तिन्ही अपडेट केले, केबल परत कार्डाला लावली, रीबूट. स्क्रीन उजळली.

कार्ड आपण पैसे मोजून घेतो. पण कोड खुला असेल, तर उद्या कंपनीने हात वर केले तरी कुणीतरी ते चालू ठेवू शकतं. भांडण त्यासाठीच होतं.