पाळी, पिशवी आणि आठवण

म्हातारपणी एखादी सासू घराची वाट विसरते. जेवून उठली तरी ‘मला कुणी वाढलं नाही’ म्हणते. पोटच्या लेकाला ‘तू कुणाचा रे?’ असं विचारते. आपण म्हणतो, म्हातारचळ लागला. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. हा आजार बायकांमध्ये जास्त दिसतो. अमेरिकेत तर दर तीन रुग्णांमागे दोन बायका असतात. असं का, हे विचारायला विज्ञानाला किती वर्षं लागली, त्याची ही हकीकत आहे. ती आपल्या गावापर्यंत कशी येते तेही शेवटी बघू.

सुरुवात जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात होते. नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई मनोरुग्णालयात दाखल झाली. अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून ठेवली. तुमचं नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तेही बहुधा ऑगस्टे. स्वतःचं नाव लिहायला घेतलं तर पुरं होईना. ‘मी मलाच हरवून बसले,’ असं ती म्हणे. १९०६ मध्ये ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला तेव्हा त्यात गुठळ्या आणि गुंतलेले धागे सापडले. १९१० मध्ये आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. पहिली रुग्ण बाई होती, तीही पाळी जाण्याच्या वयाची, याचा अर्थ लावायला मात्र कुणाकडे काही साधन नव्हतं. तिला पाळी गेल्यामुळेच आजार झाला असं आजही म्हणता येत नाही. पण तो प्रश्नच तेव्हा कुणाच्या मनात आला नाही.

पुढे १९२९ मध्ये शास्त्रज्ञांनी इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं, तेही गरोदर बायकांच्या लघवीतून. हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या. एका ठिकाणी तयार होतो आणि रक्तातून दुसरीकडे निरोप पोचवतो. इस्ट्रोजेन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. अंडाशय म्हणजे पिशवीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या गाठी, जिथे आपलं बीज असतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, याचं काम पाळी आणि बाळंतपण एवढंच.

मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युएन यांच्या प्रयोगशाळेत वेगळंच दिसलं. १९९० मध्ये कॅथरीन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांचा मेंदू पाहिला. आठवणी साठवणाऱ्या भागात पेशींच्या फांद्यांवर बारीक अंकुर असतात. मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र फिरलं की हे अंकुर वाढत आणि कमी होत. म्हणजे हार्मोनचा निरोप थेट आठवणीच्या घरात पोचत होता.

याच प्रयोगशाळेत शिकून पुढे गेलेल्या एक बाई म्हणजे रॉबर्टा डियाझ ब्रिंटन. आधी लॉस एंजेलिसला आणि आता ॲरिझोनात, कितीतरी वर्षं त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला आहे: पाळी जाते तेव्हा बाईच्या मेंदूत काय होतं? त्यांचं म्हणणं असं की मेंदूला साखरेचं इंधन लागतं आणि ते नीट जाळायला इस्ट्रोजेन मदत करतं. ते कमी झालं की मेंदू दुसरं इंधन शोधतो. उंदरांच्या माद्यांमध्ये त्यांना दिसलं की मग मेंदू स्वतःच्याच तारांवरचं स्निग्ध आवरण जाळायला लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सरपण संपलं म्हणून घराचे वासे चुलीत घालण्यासारखं हे झालं. अल्झायमरची लक्षणं दिसतात त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात. मागे मोजत गेलं तर अनेकींच्या बाबतीत ते पाळी जाण्याच्या काळाजवळ येतं.

मग गोळी देऊन हार्मोन भरून काढलं की झालं, असं वाटेल. अमेरिकेत तसं वाटलंच होतं. पण २००३ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ४,५३२ बायकांपैकी निम्म्यांना दोन हार्मोनांची एकत्र गोळी दिली होती आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. हार्मोन घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, न घेणाऱ्यांत २१ जणींना. धोका कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. सगळे हबकले.

यावर ब्रिंटन यांनी २००५ मध्ये आपलं मत मांडलं. पेशी निरोगी असताना इस्ट्रोजेन मिळालं तर ते तिला जपतं, पेशी आजारी पडल्यावर तेच तिचं नुकसान करू शकतं. पाणी वेळेवर दिलं तर पीक तगतं, मुळं कुजल्यावर दिलं तर आणखी सडतं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. केवळ विसराळूपणा टाळायला हार्मोनच्या गोळ्या घ्या, असं डॉक्टर आजही सांगत नाहीत. बायका जास्त जगतात, अनेकींना शाळा मिळाली नाही, रक्तदाब आणि साखरेकडे दुर्लक्ष होतं, हीही कारणं आहेतच.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल २००७ चा आहे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये वॉल्टर रोका यांनी जुन्या नोंदी तपासल्या. पाळी जाण्याआधीच ज्यांचं अंडाशय काढलं होतं त्या बायकांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. शस्त्रक्रिया जितकी लहान वयात, तितका धोका जास्त.

आता आपल्याकडे या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, खाडा झाला तर पैसे कापतात, ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती. या सगळ्यात ‘पिशवी काढली’ एवढंच बाईला ठाऊक असतं. सोबत अंडाशय काढलं की ठेवलं, हे अनेकींना माहीतच नसतं. अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढली तरी काहींची पाळी जाण्याची वेळ लवकर येते.

कधी कधी शस्त्रक्रिया खरोखर लागते, कॅन्सरसारख्या आजारात तर जीव वाचवते. तिला घाबरायचं कारण नाही. विचारायचं मात्र नक्की. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न पाठ करून घ्या. औषधाने भागेल का? पिशवीबरोबर अंडाशय काढणार का, आणि का? काढलं तर पुढे कोणती औषधं, किती वर्षं? आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून मग ठरवलं तर चालेल ना? शस्त्रक्रियेचा कागद घरी आणून जपून ठेवा. ज्यांची झाली आहे त्यांनी तो आशाताईंना दाखवा, रक्तदाब आणि साखर तपासत राहा.

‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! शंभर वर्षांच्या संशोधनाने त्याला उत्तर दिलं आहे. मुलं झाल्यावरही अंडाशयाचं काम चालूच असतं, आणि त्यातलं एक काम म्हणजे आपली आठवण राखणं.