खळ्यावरची किंमत

अकोल्यात हाताने कोरलेल्या चामड्याच्या चित्राची किंमत विचारली, की कारागीर चामडं, रंग, दोरा यांची बेरीज पटकन सांगतो. स्वतःच्या दिवसांपाशी आला की अडखळतो. घासाघीस तिथेच सुरू होते. आम्ही सॉफ्टवेअरवाले तासाचा दर बिनदिक्कत सांगतो. त्याला तो का सांगता येत नाही?

बलुतेदारीत चांभाराच्या श्रमाला वस्तूमागे दाम नव्हता. मोटा, वहाणा वर्षभर सांधायच्या आणि सुगीत खळ्यावर ज्वारी घ्यायची. किती, ते नक्षीवरून नाही, गावातल्या त्याच्या जागेवरून ठरे, म्हणजे जातीवरूनच. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचताना ही व्यवस्था उलगडते, लेखकाचा बलुतेदारांवरचा राग मला पटत नसला तरी.

वऱ्हाड १८५३ साली इंग्रजी कारभाराखाली गेलं. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) कापसाचे भाव भडकले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. अमरावती-अकोल्याच्या कापसाला परदेशचा भाव कळू लागला. बलुत्यातल्या वहाणेला भावच नव्हता, मग तो चढणार कसा?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात वऱ्हाडातला एकही जिल्हा नाही. २०२५ साली प्राडाने तसल्याच चपला मिलानमध्ये मिरवल्या, तेव्हा निदान जाब विचारायला नाव तरी होतं. इथे तेही नाही, म्हणून हिशोब दिवसांचाच हवा: रोज गवंड्याच्या रोजाहून कमी नको, आराखड्याचे दिवस वेगळे, निम्मे पैसे आगाऊ. गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर चित्र लहान करावं, रोज नाही.