मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि प्राप्तिकराचा परतावा

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचा हंगाम आला की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील नोकरदारांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलांच्या शाळेची फी भरली आहे, वसतिगृहाचा खर्च केला आहे, तर त्यापोटी सरकारकडून किती कर परत मिळेल? अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून 'तिकडे प्रत्येक मुलामागे इतके डॉलर परत मिळतात' असे ऐकलेले असते. त्यामुळे आपल्याकडेही तशी सोय असावी, असा अनेकांचा समज होतो. हा समज कितपत खरा आहे आणि मुलांमुळे करात प्रत्यक्षात किती फरक पडतो, हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

परतावा म्हणजे काय?

परतावा हे अनुदान नव्हे. वर्षभरात वेतनातून, बँकेच्या व्याजातून किंवा ठेक्याच्या रकमेतून कापला गेलेला कर आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्षात देय ठरलेला कर यांतील जादा रक्कम म्हणजे परतावा. समजा, आपल्या वेतनातून ३०,००० रुपये कापले गेले आणि देय कर १८,००० रुपये निघाला, तर १२,००० रुपये परत मिळतील. मात्र एक रुपयाही कर कापला गेला नसेल आणि भरलाही नसेल, तर मुलांवर कितीही खर्च केला तरी परतावा शून्यच राहील.

अमेरिकेतील व्यवस्था येथेच वेगळी पडते. तेथे १९९७ च्या कायद्याने मुलांसाठी करश्रेय सुरू झाले. १९९८ मध्ये ते प्रत्येक मुलामागे ४०० डॉलर होते, तर २०२५ या वर्षासाठी ते कमाल २,२०० डॉलर आहे. हे श्रेय उत्पन्नातून नव्हे, तर थेट करातून वजा होते. शिवाय कर शून्य झाल्यावरही, कमावत्या उत्पन्नाच्या अटीवर, त्यातील १,७०० डॉलरपर्यंतची रक्कम रोख मिळू शकते. मराठवाड्यातून तेथे गेलेल्या कुटुंबांनी एक अट ध्यानात ठेवावी. मुलाकडे नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक असावा लागतो. भारतात जन्मलेल्या आणि अवलंबितांच्या व्हिसावर गेलेल्या मुलाकडे बहुधा केवळ करदाता ओळख क्रमांक असतो. अशा मुलासाठी हे श्रेय न मिळता इतर अवलंबितांसाठीचे ५०० डॉलरचे श्रेय तेवढे मिळू शकते.

भारतात मुलांसाठी सवलत कधी होती?

भारतीय प्राप्तिकराने कुटुंबाचा विचार कधीच केला नाही, असे म्हणता येणार नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी २,००० आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये अशी वेगवेगळी करमुक्त मर्यादा ठेवली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुलांच्या संख्येनुसार ही मर्यादा आणखी वाढविण्यात आली. एका मुलामागे ३०० रुपये आणि जास्तीत जास्त दोन मुले, असे ते सूत्र होते. कालांतराने ही पद्धत मोडीत निघाली.

२००३ मध्ये तत्कालीन कलम ८८ मध्ये दोन मुलांच्या शिक्षण शुल्काचा समावेश झाला. प्रत्येक मुलामागे १२,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर ठराविक टक्के रक्कम थेट करातून वजा होत असे. अमेरिकेतील करश्रेयाच्या सर्वांत जवळ जाणारी अशी ती तरतूद होती. २००५ च्या वित्त अधिनियमाने कलम ८८ जाऊन कलम ८० सी आले आणि करातील सूट जाऊन उत्पन्नातील वजावट आली. २०१४ पासून या वजावटीची एकत्रित कमाल मर्यादा दीड लाख रुपये आहे.

शुल्काची वजावट : काय चालते, काय चालत नाही

कलम ८० सी अन्वये कोणत्याही दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी भारतातील शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठाला भरलेले शिक्षण शुल्क वजावटीस पात्र ठरते. विकास निधी, देणगी, बसभाडे, गणवेश, पुस्तके, वसतिगृह आणि भोजनगृह यांचा खर्च त्यात बसत नाही.

बीड जिल्ह्यातील पालकांच्या दृष्टीने सर्वांत मोठा गैरसमज खासगी शिकवण्यांबाबत आहे. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने दहावीनंतर मुलांना लातूरला ठेवणारी असंख्य कुटुंबे या जिल्ह्यात आहेत. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीची फी लाखाच्या घरात गेली, तरी तिची वजावट मिळत नाही. कनिष्ठ महाविद्यालयाच्या पावतीवर 'शिक्षण शुल्क' म्हणून दाखविलेली रक्कम तेवढी ग्राह्य धरली जाते, मग ती कितीही अल्प असो.

पती-पत्नी दोघेही करदाते असतील, तर दोन मुलांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागू होते. मात्र एकाच पावतीवर दोघांनी दावा करता कामा नये. ज्याने रक्कम भरली त्याचाच तो हक्क असतो. शुल्क शासनाने माफ केले असेल, तर न भरलेल्या रकमेची वजावट अर्थातच नाही.

आणखी एक मेख अशी, की भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा आणि गृहकर्जाची मुद्दल या सर्वांना मिळून दीड लाखाची एकच मर्यादा आहे. शिक्षकाच्या वेतनातून निधीपोटीच दीड लाख कापले जात असतील, तर शाळेच्या फीमुळे करात एक रुपयाचाही फरक पडणार नाही. मर्यादेत जागा शिल्लक असेल आणि उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर ४०,००० रुपयांच्या शुल्कामुळे उपकरासह ८,३२० रुपये कर वाचतो.

नवी करप्रणाली आणि बदललेले गणित

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे. करदात्याने जुनी प्रणाली स्पष्टपणे निवडली नाही, तर नवीच लागू होते आणि तीत ८० सीची वजावट नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न वगळता, करसवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते.

९ लाख रुपये वार्षिक वेतन असलेल्या शिक्षकाचे उदाहरण घेऊ. नव्या प्रणालीत त्याला कर नाही. वेतनातून काही कर कापला गेला असेल, तर तो संपूर्ण परत मिळेल. मुले किती आणि फी किती, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही.

आता १५ लाख रुपये वेतन असलेल्या अधिकाऱ्याचा विचार करू. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार आणि उपकरासह कर ९७,५०० रुपये होतो. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि ८० सीचे संपूर्ण दीड लाख धरूनही कर २,१०,६०० रुपये भरतो. जुनी प्रणाली बरोबरीत येण्यासाठी प्रमाणित वजावटीखेरीज आणखी सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी असाव्या लागतात. गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता, शैक्षणिक कर्ज अशा मोठ्या बाबी असतील, तरच हे शक्य होते. दोन्ही प्रणालींचे गणित मांडून मगच निवड करावी. जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्र मूळ मुदतीतच दाखल करणे बंधनकारक आहे. मुदत चुकली, तर हा पर्याय त्या वर्षापुरता हातून जातो.

जुन्या प्रणालीतील इतर तरतुदी

मालक शिक्षण भत्ता देत असेल, तर १९६२ च्या नियमांनुसार दरमहा प्रत्येक मुलामागे १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्यापैकी ३०० रुपये करमुक्त धरले जात. ही सवलतही दोन मुलांपुरतीच होती. आजच्या खर्चापुढे हे आकडे नाममात्र वाटतील, परंतु ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब करताना तेच विचारात घ्यावयाचे आहेत.

उच्च शिक्षणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज कलम ८० ई अन्वये वजा होते. त्याला रकमेची मर्यादा नाही, मात्र मुदत आठ वर्षांची आहे. मुद्दल वजा होत नाही. नातेवाईक किंवा सावकाराकडून घेतलेल्या कर्जावर ही सवलत नाही. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाला कलम ८० डीडी अन्वये ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी झाला असला, तरी पूर्ण रक्कम मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र अनिवार्य आहे. केवळ माहितीअभावी पालक ही सवलत गमावतात.

सुकन्या समृद्धी योजनेचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. त्यामुळे २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' मोहिमेच्या पहिल्या टप्प्यातच या जिल्ह्याचा समावेश झाला आणि त्याच मोहिमेतून ही बचत योजना आली. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे वर्षाला २५० ते दीड लाख रुपये भरता येतात. भरलेल्या रकमेची वजावट केवळ जुन्या प्रणालीत मिळते. व्याज आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे.

मुलांच्या नावावरील ठेवी

जमिनीचा मोबदला किंवा निवृत्तीची रक्कम अल्पवयीन मुलांच्या नावे ठेवल्यास कर लागत नाही, हा समज चुकीचा आहे. अशा ठेवीचे व्याज आई किंवा वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविले जाते. जुन्या प्रणालीत प्रत्येक मुलामागे केवळ १,५०० रुपयांची सूट आहे. मुलाने स्वतःच्या कलागुणांवर वा श्रमाने मिळविलेले उत्पन्न, तसेच दिव्यांग मुलाचे उत्पन्न या नियमातून वगळले आहे. व्याजातून मुलाच्या पॅनवर कर कापला गेला असेल, तर उत्पन्न दाखविणाऱ्या पालकाला त्याचे श्रेय मागता येते. मात्र 'सहज' या साध्या विवरणपत्रात तशी सोय नाही.

कमिशनवर परतावा मिळवून देणारे

'फी, विमा, देणगी दाखवून परतावा काढून देतो, रकमेचे इतके टक्के द्या,' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने अशा बनावट दाव्यांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी पडताळणी मोहीम हाती घेतली. तत्पूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असे खात्याने त्या वेळी जाहीर केले. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, शिवाय मूळ कर व व्याज वेगळे. विवरणपत्रावर नाव करदात्याचे असते. नोटीस त्यालाच येते, कमिशन घेणाऱ्याला नव्हे.

प्रामाणिक परताव्यासाठी मध्यस्थाची गरजही नाही. फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरण तपासावे, बँक खाते संकेतस्थळावर प्रमाणित करावे आणि विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी. पडताळणी राहिल्यास विवरणपत्र मुदतीत भरले असे मानले जात नाही. प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रात होते. परतावा निश्चित कराच्या १० टक्क्यांहून कमी नसेल, तर त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते आणि ते व्याज करपात्र असते. मागील वर्षांची थकबाकी असल्यास, करदात्याला कळवून, परतावा तिच्यात वळता होऊ शकतो.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ अमलात आला असून ८० सीची तरतूद आता कलम १२३ मध्ये आहे. त्यापूर्वीच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागू राहील.

करजाळ्याबाहेरची मुले

या सर्व सवलतींचा लाभ कर भरणाऱ्यालाच मिळतो. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुराच्या मुलाला ८० सीचा काहीही उपयोग नाही. त्याच्यासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मंजूर केलेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना महत्त्वाची आहे. तसेच १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींना 'लेक लाडकी' योजनेतून टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. पाच हजार जन्मानंतर, सहा हजार पहिलीत, सात हजार सहावीत, आठ हजार अकरावीत आणि ७५ हजार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, अशी त्याची विभागणी आहे.

अमेरिकेतील करश्रेयाचा रोख भाग जे काम करतो, ते आपल्याकडे अशा योजनांवर सोपविलेले आहे. म्हणूनच करदात्यांनी आपल्या हक्काची वजावट पावत्या जपून जरूर घ्यावी आणि आपल्या घरी, शेतावर वा दुकानात राबणाऱ्या कुटुंबातील मुलीचा 'लेक लाडकी'चा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे गेला आहे की नाही, याचीही विचारपूस करावी.