रुमानियातील हंगेरियनांचे दमन (१९५६–१९६४)

हंगेरीतील १९५६च्या उठावानंतर रुमानियाच्या कम्युनिस्ट राजवटीने आपल्याकडील हंगेरियन अल्पसंख्याकांविरुद्ध चालवलेली अटकसत्रे, खटले व संस्था मोडून काढण्याची मोहीम. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडून रुमानियाकडे गेला आणि तिथले लाखो हंगेरियन परक्या देशाचे नागरिक झाले. १९५६च्या जनगणनेत त्यांची संख्या पंधरा लाखांहून अधिक होती.

बुडापेस्टमध्ये २३ ऑक्टोबरला उठाव होताच क्लूजच्या हंगेरियन बोल्याई विद्यापीठात सहानुभूती उमटली. खळबळ काही हंगेरियनांपुरतीच नव्हती. तिमिशोआरात सभा भरवणारे विद्यार्थी बहुतांशी रुमानियनच होते, आणि पकडले तेही गेले. मात्र हंगेरियनांच्या बाबतीत साध्या आपुलकीवरही देशद्रोहाचा संशय घेतला जाई. लेखक गेझा पाश्कांदी यांना तर सहा वर्षे तुरुंगात काढावी लागली.

पक्षप्रमुख गेओर्ग्यु-देज यांनी मॉस्कोशी निष्ठा राखली. उठावानंतर पदच्युत झालेले हंगेरियन पंतप्रधान इम्रे नॉज यांना काही महिने बुखारेस्टजवळच्या स्नागोव्ह येथेच स्थानबद्ध ठेवले होते. १९५८च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजा रुमानियातून परतल्या. दडपशाही सैल होण्याऐवजी तेव्हाच अधिक कडक झाली. रशियन फौजेविनाही देश मुठीत राहतो, हे राजवटीला दाखवायचे होते. त्याच वर्षी जुलैत फाशीच्या शिक्षेची व्याप्ती वाढवण्यात आली. कॅथलिक धर्मगुरू आलादार सोबोस्लाई व त्यांचे अनेक साथीदार सप्टेंबरमध्ये, तर प्रोटेस्टंट पाद्री कालमान शाश डिसेंबरमध्ये मारले गेले. सोबोस्लाई यांचा कट उठावाच्या आधीपासूनचा होता आणि त्यांना हवे होते रुमानिया-हंगेरीचे संघराज्य; त्यांच्या साथीदारांत रुमानियनही होते. 'हंगेरियन फुटीरता' या सरकारी व्याख्येत हे बसवणे अवघडच.

याहून दूरगामी घाव शिक्षणावर पडला. १९५९ मध्ये बोल्याई विद्यापीठ रुमानियन बाबेश विद्यापीठात विलीन करण्यात आले. त्यासाठीच्या बैठकांना पक्षाचे नेते व पुढचे हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू जातीने हजर होते. कवी व प्राध्यापक लास्लो साबेदी यांनी याच काळात आत्महत्या केली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या हंगेरियन स्वायत्त प्रांताच्या सीमा १९६० मध्ये बदलून तिथले हंगेरियनांचे प्रमाण घटवण्यात आले. १९६८ मध्ये तो रद्दच झाला. १९६४च्या सार्वत्रिक माफीने राजकीय कैदी सुटले, पण बोल्याई पुन्हा वेगळे झाले नाही.