भरती-ओहोटीची वेळ आधीच कशी कळते? कोकणात जाताना कामी येणारं दहावीचं गणित

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असं करत ताम्हिणी घाट उतरला की माणगाव येतं आणि तिथून पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. सुट्टीच्या दिवशी पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कितीतरी गाड्या याच वाटेने समुद्राकडे निघालेल्या असतात. निघताना मोबाइलवर हॉटेल, घाटातला पाऊस, रस्ता असं सगळं पाहून होतं. भरतीची वेळ मात्र राहून जाते.

हरिहरेश्वरला ती पाहावीच लागते. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग पायऱ्यांनी खाली खडकांवर उतरतो आणि समुद्राच्या अगदी कडेने जातो. ओहोटीतच तो चालण्यासारखा असतो. भरतीत पाणी थेट खडकांवर येतं आणि लाटेने माणसं ओढली गेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही

आपल्याकडे साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. म्हणजे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आत-बाहेर. या काळात पाण्याची उंची कशी बदलते, हे सांगायला दहावीच्या त्रिकोणमितीतला 'कॉस थीटा' पुरतो.

जत्रेतला आकाशपाळणा आठवा. अगदी वर असताना पाळणा क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, मधल्या उंचीवर तो सर्रकन खाली येतो आणि तळाशी पुन्हा संथ होतो. चाक एकाच वेगाने फिरत असतं, पण उंची एकाच वेगाने बदलत नाही. ही उंची म्हणजेच कोसाइन. समुद्राचं पाणीही बरंचसं असंच वागतं.

समजा, एखाद्या दिवशी दुपारी १२ वाजता भरती ४.४ मीटर आहे आणि त्यानंतरची ओहोटी ०.८ मीटर. दोन्हींची सरासरी २.६. तिच्यापासून पाणी वर-खाली जातं १.८ मीटर. पूर्ण फेरी ३६० अंशांची, ती १२ तास २५ मिनिटांत होते, म्हणजे तासाला सुमारे २९ अंश. झालं सूत्र तयार:

उंची = २.६ + १.८ × कोसाइन (२९° × भरतीनंतरचे तास)

दुपारी ३ वाजता किती पाणी? २९ × ३ = ८७ अंश, त्याचा कोसाइन सुमारे ०.०५, उत्तर २.७ मीटर.

आता खरी कामाची गोष्ट. हेच सूत्र ओहोटीपासून उलट चालवा. पहिल्या तासात पाणी फक्त २३ सेंटीमीटर चढतं. दुसऱ्या तासात ६२. तिसऱ्या तासात ८६. खडकांवर फोटो काढत बसलेल्या माणसाला पहिला तासभर काहीच बदललेलं दिसत नाही आणि पुढच्या दोन तासांत जवळजवळ दीड मीटर पाणी वाढलेलं असतं. परतीची वाट बंद होते ती अशी.

हे आकडे मुंबईच्या उधाणाला शोभतील असे घेतले आहेत. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाल तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो; रत्नागिरीला, गोव्यात तो मुंबईपेक्षा बराच कमी आहे. चढण्याची चाल मात्र तीच.

एक कोसाइन पुरत नाही

चंद्राच्या ओढीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं, सूर्याचं बरोबर १२ तासांचं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही जुळतात, तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपास ते एकमेकांना कापतात, ती भांगाची भरती. शिवाय दिवसातून एकदाच येणारी चक्रंही आहेत, म्हणून एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. अशा प्रत्येक चक्राचा एक कोसाइन काढून सगळ्यांची बेरीज केली की भरतीचं वेळापत्रक मिळतं.

संगणक नसताना ही बेरीज चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर व्हायची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७० च्या दशकात असं यंत्र घडवलं आणि १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी एक यंत्र इंग्लंडमध्ये तयार झालं. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आज सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी अशी वेळापत्रकं काढतं.

कोकणातल्या दर्यावर्दींना यंत्राची गरज नव्हती. त्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते आणि हा हिशेब ४५ धरतो. पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची चूक पडते खरी, पण तोंडी हिशेबासाठी हे अफलातूनच आहे.

'साडेचार मीटरच्या लाटा' म्हणजे काय?

दर पावसाळ्यात मुंबईबद्दल असे मेसेज फिरतात. त्यातला आकडा बहुतेक वेळा भरतीचा असतो, लाटेचा नव्हे. ठरावीक शून्य पातळीपासून मोजलेली ती पाण्याची उंची असते आणि लाटा तिच्यावर वेगळ्या उसळतात. २६ जुलै २००५ ला दुपारी भरती ४.४८ मीटर होती. भरती ठरल्याप्रमाणेच आली होती. सांताक्रूझला २४ तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस कुठल्याच वेळापत्रकात नव्हता.

वारा, कमी दाबाचा पट्टा, दूरवरून येणाऱ्या लाटा यांतलं काहीही या सूत्रात नाही. त्यामुळे पावसाळ्यात वेळापत्रकात ओहोटी दिसत असली, तरी हरिहरेश्वरच्या खडकांवर उतरण्याआधी स्थानिकांना विचारा.